निळीचं कव्हर

५ नोव्हेंबर

ताई,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि मी कागद समोर ओढला की काहीतरी मोडतं, सांडतं नाहीतर बायको हाक मारते. पण आज मला लिहायलाच हवं. मी घाबरलो आहे.

निळी एकोणीस वर्षं ज्या गॅरेजमध्ये उभी होती, ते मालकाने पाडायला काढलं. तीन आठवडे झाले, ती आमच्या खिडकीखाली रस्त्यावरच आहे. इंजिनाचा एक भाग मिळत नाही, त्यामुळे हलत नाही. काल सकाळी पुढच्या काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. 'वापरात नसलेलं वाहन. हलवा, अन्यथा उचलण्यात येईल.' मी रस्ते विभागात धावलो. तिथल्या खिडकीतली बाई म्हणाली, तीस वर्षांहून जुनी गाडी 'जतन वाहन' म्हणून नोंदवता येते, मग ती रस्त्यावर उभी राहू शकते. पण ती नोंद साठवण विभागात, आणि तो विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे गेलो तर त्यांच्या तीन अटी. गाडी पूर्ण झाकलेली हवी, बॅटरी काढलेली हवी, दारं कुलूपबंद हवीत. परत रस्ते विभागात आलो तर ते म्हणतात, झाकलेल्या गाडीचा नंबर दिसला नाही तर ती बेवारस. एक म्हणतो झाका, दुसरा म्हणतो दाखवा. दोघांकडेही छापील कागद आहेत, दोन्हींवर शिक्के आहेत.

तू म्हणशील, वडिलांची गाडी झाली म्हणून काय झालं, देऊन टाक. गाडीसाठी नाही गं घाबरत. माझ्या बाईला आता घर घर वाटत नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बायको सकाळी उठते आणि म्हणते, 'अहो, मला माझ्या घरी सोडा.' दिवसभर दार वाजवते. फक्त निळीत, ड्रायव्हरशेजारच्या तिच्या सीटवर बसवली की शांत होते. पर्स मांडीवर घेते, समोर बघते, मध्येच माझ्या हातावर थोपटते. तेवढ्यावर आमचा दिवस निघतो. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवा. निळी गेली तर मला बाईला घरात सांभाळता येणार नाही, आणि मग तिला नेतील.

तू गाड्यांची कुशनं आणि कव्हरं शिवण्यात जन्म घालवलास. निळीला एक कव्हर शिवून दे. अंगभर, आणि नंबराच्या जागी खिडकी ठेवून.

छोट्या

१२ नोव्हेंबर

छोट्या,

अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास तरी चिठ्ठीला घाबरतोस. बत्तीस वर्षं वजनमापं तपासत दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारलेस, लोक तुला बघून वजनं लपवायचे. आता ते तुझ्यावर शिक्के मारतायत तर लगेच पाचावर धारण बसली! नियमाला नियम म्हणून वागव. डोक्यावर घेऊ नकोस.

कव्हर शिवलं. वेगळं पार्सल केलंय. राखाडी जाड कॅनव्हास, पाणी मुरणार नाही. माप विचारायची गरज पडली नाही, निळीवर मी गाडी चालवायला शिकले, तिचं अंग मला माझ्या अंगापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढे-मागे नंबराच्या जागी पारदर्शक खिडकी लावलीय. खालून चार पट्टे आहेत. चारही घट्ट बांधायचे, गाठ आतल्या बाजूला, म्हणजे वारा शिरणार नाही आणि कुणाला सहज उचलता येणार नाही. आळशीपणा करून तीनच बांधशील, मला माहीत आहे.

कडेची शिवण सरळ आहे, बाईला दाखव. तुझं लग्न झालं त्या वर्षी मी तुमच्याकडे पडदे शिवायला घेतले होते, आठवतं? तेव्हा ह्या तुझ्या मास्तरणीने माझी वाकडी शिवण पाहिली आणि मला, शिवणकामावर जगणाऱ्या बाईला, केसातली पिन काढून एकेक टाका उसवायला लावला. 'कापड फाटता कामा नये, घाई करायची नाही.' अजून कानात बसलंय ते. बाकी काही ऐकू येत नाही, तेवढं येतं.

आता खरं सांग. तू एवढा ह्या टोकाच्या ऑफिसातून त्या टोकाच्या ऑफिसात पळतोयस, तेव्हा बाईजवळ कोण बसतं?

ताई

२१ नोव्हेंबर

ताई,

कव्हर मिळालं. अगदी अंगासरसं बसलं. चारही पट्टे बांधतो, घट्ट. बॅटरी काढून स्वयंपाकघरात पत्र्याच्या पेटीवर ठेवली आहे. दारांना कुलूप. तिन्ही अटी पुऱ्या.

पण फाईल काही पुढे सरकत नाही. साठवण विभागाची खिडकी दहा ते एक. मी पहिला पोचलो तरी एकाची घंटा माझ्या आधीच्या माणसापाशी वाजते. कधी अर्ज जुन्या नमुन्यातला, कधी फोटोत चाक दिसत नाही. आतापर्यंत सहा फेऱ्या झाल्या.

त्या रांगेत माझ्यासारखे आणखी जुन्या गाड्यावाले भेटतात. सगळे आपापल्या गाडीचा फोटो खिशात घेऊन उभे, सोयरीक जमवायला आल्यासारखे. एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची लाल रंगाची दोन दारांची गाडी दुरुस्तीला म्हणून रस्त्यावर होती, चिठ्ठी पावसाने निघून पडली, यांना कळलंच नाही. उचलून नेली. भंगाराच्या यार्डात तीन दिवसांत यंत्राखाली दाबून टाकली. नंतर विभागाचं दिलगिरीचं पत्र आलं आणि सोबत नंबरप्लेट. डॉक्टर ती प्लेट पिशवीत घेऊन हिंडतात. मी ती हातात घेऊन पाहिली, ताई. एवढी मोठी गाडी, आणि उरलं काय, तर ताटाएवढा पत्रा.

एक काम आहे. कव्हरच्या आत ओल धरते, काचांना आतून पाणी सुटतं. दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी लावून देशील? जमिनीपासून एकशे दहा सेंटिमीटरवर, पुढच्या दारांच्या काचांसमोर. वीतभर उंच, हातभर रुंद. कव्हर पार्सलने परत पाठवतो आहे. जमेल तितकं लवकर कर.

बाई ठीक आहे. तिची सोय होते. तू काळजी करू नकोस.

छोट्या

३० नोव्हेंबर

छोट्या,

जाळी लावली. पण तुझं लॉजिक मला काही कळलं नाही. पन्नास वर्षं गाड्या झाकतेय मी. ओल तळातून येते, चाकांच्या बाजूने. जाळी लावायची ती खाली. तू मोजून दिलेल्या उंचीवर गाडीत बसलेल्या माणसाचं तोंड येतं. निळीला नाक फुटलंय का? पण म्हटलं, वजनमापंवाल्याने सेंटिमीटर दिलेत, वाद कोण घालणार. सांगितलंस तिथेच लावली.

मशिनखाली जाळी सरकत होती म्हणून हाताने शिवली, मेण लावलेल्या दोऱ्याने. एका खिडकीला एकशे चाळीस टाके. बोटं सोलली. बाईला म्हणावं, एकही टाका वाकडा सापडला तर परत उसवायला येते.

तुझी पत्रं मी दोनदा वाचते. पहिल्यांदा तू काय लिहिलंस ते, दुसऱ्यांदा तू काय गाळलंस ते. मी विचारलं बाईजवळ कोण बसतं, तू लिहिलंस सोय होते. कोण करतं सोय? खालच्या मजल्यावरच्या बाईशी तुझं भांडण, समोरच्यांना तू दार उघडत नाहीस. लहानपणी बरणी फोडलीस की असंच बोलायचास. 'बरणीची सोय झाली.'

मला ह्या वेळी सरळ उत्तर हवंय.

ताई

१० डिसेंबर

ताई,

कव्हर पोचलं, जाळी उत्तम. पण ते तुझ्याकडे होतं तेवढे दिवस निळी उघडी उभी होती, आणि कुणीतरी येऊन लाल चिठ्ठी लावून गेलं. पिवळीनंतर लाल, लालनंतर काही नाही. सात दिवसांत जतन वाहनाची नोंद दाखवली नाही तर उचलणार. जागेच्या पाहणीचा कागद तेवढा बाकी होता, तो आज मिळाला. जमा करायला मला चौदा तारीख दिली आहे, त्या दिवशी सकाळी दहा ते एकमध्ये दिला की सुटलो.

शिवाय काल संस्थेकडून घरं बघायला येणारी एक बाई आली होती. खालून तक्रार गेली म्हणे, मी म्हातारीला गाडीत बसवून ठेवतो अशी. मी सांगितलं, पूर्वी बसायची, आता नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

चौदा तारीख जाऊ दे, मग सगळं सविस्तर लिहितो.

छोट्या

२७ डिसेंबर

छोट्या,

चौदा तारीख जाऊन तेरा दिवस झाले.

मी समोरच्या औषधवाल्याला तुझा नंबर लावायला सांगितला. रोज सकाळी दुकान उघडलं की मी पायरीवर उभी. तो फोन कानाला लावतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. तो मान हलवतो. चार दिवस नुसती मान हलवली. काल त्याने तुझ्या खालच्या मजल्यावरचा नंबर शोधून लावला. तिकडून कुणीतरी बोललं, आणि त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, लिहून दे. त्याने गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलं, 'गाडी उचलून नेली. पोलीस आले होते.' पुढे काय विचार, म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवून दिला होता.

गाडी नेली म्हणून पोलीस का येतील रे?

मला रात्रंदिवस ती एकशे दहा सेंटिमीटरची जाळी दिसतेय. मी विचार करत नाही, करणार नाही, तू लिहिलंस तरच मानेन. तिथे यायला मी बॅग भरली आणि परत रिकामी केली, कारण दार कोण उघडेल याची मला भीती वाटते. जे असेल ते लिही. बाई आहे का, तेवढं पहिल्या ओळीत लिही.

ताई

२ जानेवारी

ताई,

बाई आहे. घरात आहे, आता समोर खुर्चीवर बसली आहे. ही पहिली ओळ.

आता बाकीचं. तुला वाटलं ते खरं आहे. बाईजवळ कुणीच बसत नव्हतं. मी ऑफिसात जायचो तेव्हा तिला निळीत बसवून जायचो. आधी नुसतं बसवायचो, पण पोरं काचेवर टकटक करायची, खालची बाई वाकून बघायची. कव्हर आल्यावर वाटलं, आता कुणाला दिसणार नाही. साठवण विभागाला झाकलेली गाडी हवी, बाईला गाडी हवी, दोन्ही एकदम होत होतं. दारांना कुलूप लावायची अट होतीच, आणि ती बाहेर पडून हरवेल ही भीतीही नव्हती. काच चार बोटं खाली ठेवायचो. पर्समध्ये बिस्किटं द्यायचो, गुडघ्यांवर घोंगडी. तिला सांगायचो, 'आलोच.' मग चार पट्टे, घट्ट, गाठ आत.

एकदा परत आलो तर तिचा चेहरा घामाने थबथबलेला. त्या दिवशी तुला जाळीचं पत्र लिहिलं. ओलीचं कारण तुला पटणार नाही हे मला लिहितानाच माहीत होतं.

चौदा तारखेला साडेनऊला निघालो. कागद जमा झाला, शिक्का बसला, पोचपावती मिळाली. मी हसत होतो गं, रांगेतल्या लोकांना हात दाखवत होतो. दोन वाजता आपल्या रस्त्याला वळलो. निळी नव्हती. रस्त्यावर तेलाचा डाग होता आणि चार चाकांच्या खुणा. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने सांगितलं, अकराला ट्रक आला, हुक लावला, कव्हरसकट उचलून घेऊन गेले. लाल चिठ्ठीचे सात दिवस मी सुट्ट्या वगळून मोजले. त्यांनी सुट्ट्यांसकट मोजले. छापलेलं होतं, मागच्या बाजूला.

तिने हाक मारलीही असेल, पण ट्रकच्या आवाजात कोण ऐकणार. हॉर्न वाजवता आला नसता. बॅटरी माझ्या स्वयंपाकघरात होती.

आता जे लिहितो ते कुणालाच सांगितलेलं नाही. रस्ते विभागात पोचलो तेव्हा खिडकीसमोर सातआठ माणसं होती. मी ओरडलो नाही. रांगेत उभा राहिलो. मला वाटलं, गाडी सोडवण्याचा अर्ज गुपचूप भरावा, यार्डात जावं, बाईला उतरवून घरी आणावं, कुणाला कळणारही नाही. कळलं असतं तर तिला त्याच दिवशी माझ्याकडून नेलं असतं. पंचवीस मिनिटं मी रांगेत उभा होतो. अर्ज मिळाला. त्यात एक रकाना होता, 'गाडीत राहिलेलं सामान.' ताई, बत्तीस वर्षांत मी एका ग्रॅमची खोटी नोंद केली नाही. त्या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही.'

खिडकीतल्या बाईने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, लाल चिठ्ठीची आहे, घाई करा, त्या गाड्या थेट दाबयंत्राच्या रांगेत लावतात. तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. लोक सांगतात मी 'माझी बायको सामान नाही' असं ओरडत होतो.

तिने यार्डात फोन केला. पोलिसांच्या गाडीतून आम्ही गेलो. ते यंत्र चालू असल्याचा आवाज फाटकापासून येत होता, पत्रा चुरगळण्याचा. ते मी तुला सांगत बसत नाही, तू निदान त्यातून सुटलीस. फोन गेल्यावर थांबवलं होतं की आमच्यासमोर थांबवलं, मी विचारलं नाही. निळी रांगेत चौथी होती. पट्टे मीच सोडले, माझ्या गाठी दुसऱ्या कुणाला सुटेनात.

आणि बाई आत बसली होती. ताठ, पर्स मांडीवर, घोंगडी गुडघ्यांवर. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. म्हणाली, 'किती वेळ लावलास.' तेवढंच. मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडलो, तर तिने माझ्या डोक्यावर थोपटलं, वर्गातल्या मुलाला थोपटावं तसं. ती घाबरली नव्हती, ताई. निळीत तिला भीती वाटतच नाही. घाबरलो तो मीच.

संस्थेची बाई दोनदा येऊन गेली. तिने जानेवारी अखेरपर्यंत मुदत दिली आहे. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर बाई माझ्याकडे राहील, नाहीतर तिला नेतील. दुसरं माणूस मी कुठून आणू?

सोळा तारखेला पोस्टाने जतन वाहनाचं प्रमाणपत्र आलं. दोन शिक्के, सोनेरी कडा. निळी आता कायदेशीर आहे. यार्डातून आणता येते. मी विचार करतोय, आणावी. बाई दिवसभर दार वाजवते, दुसरा उपाय मला दिसत नाही. ह्या वेळी मी लांब जाणार नाही, वाण्यापर्यंत किंवा औषधापर्यंत, अर्धा तास. आता चिठ्ठी लागायची भीतीही नाही.

कव्हर सोबतच्या पार्सलमध्ये पाठवलं आहे. डाव्या जाळीचा एक कोपरा सुटला आहे, उचलताना ट्रकच्या हुकात अडकला असेल. तेवढा शिवून दे.

छोट्या

८ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं. तुला शिव्या द्यायला बसले होते. चार पानं लिहिली, फाडली. तू रांगेत उभा राहिलास ते मी विसरणार नाही, तूही विसरणार नाहीस, त्यावर मी आणखी मीठ चोळत नाही. मग पार्सल फोडलं, जाळी शिवायला घेतली.

छोट्या, ती जाळी हुकाने सुटलेली नाही.

हुकाने ओढलं असतं तर कॅनव्हास फाटला असता, जाळीला भोक पडलं असतं. दोन्ही शाबूत आहेत. सुटलेत ते फक्त टाके. एकशे चाळीसपैकी तेवीस. एकेक करून, आतून, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, दोरा न तोडता, कापडाला ओरखडा न पाडता. असं उसवणारी मी आयुष्यात एकच बाई पाहिली आहे.

आणि हे एका दिवसाचं काम नाही. मेण लावलेला दोरा उसवला की त्याची वळणं पांढरी दिसतात, मग दिवसागणिक मळतात. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. पहिले चार काळे पडलेत. पुढचे पाच त्याहून उजळ. मग पाच, मग सहा, आणि शेवटचे तीन अजून पांढरे आहेत. जाळी लागल्यापासून तू तिला कितीदा आत ठेवून गेलास, मोज. मी मोजलं, पाचदा. त्या पांढऱ्या तीन टाक्यांच्या दिवशी ट्रक आला असणार. त्या दिवशी पुढे तिचे हात चालले नाहीत.

कडेच्या दुमडीत काहीतरी टोचलं. काढलं तर केसातली काळी पिन. कुणाला दिसू नये अशी आत सरकवून ठेवलेली, पुढच्या खेपेला सापडावी म्हणून. तिला तुझं नाव आठवत नाही, मी आठवत नाही, पण पिन कुठे ठेवली ते आठवत होतं. चार बोटांच्या फटीतून हात बाहेर काढून ती बाई प्रत्येक खेपेला थोडी थोडी बाहेर येत होती. तू परत आलास की पिन लपवायची, पर्स मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, किती वेळ लावलास.

तू म्हणतोस डोळ्यांत थेंब नव्हता, म्हणजे घाबरली नव्हती. सगळीच माणसं रडून घाबरत नाहीत, बाबा. तू शेजारी बसलेला असतोस तेव्हा तिला निळी आवडते. निळीत तुझा हात सापडतो म्हणून ती शांत होते. गाडीचं त्यात काही नाही. तू उठून गेलास की ती एक कुलूप लावलेली काळोखी पेटी आहे, आणि त्या पेटीला जाळी मी शिवली आहे. उत्तम शिवली आहे. हे मला मरेपर्यंत पुरेल.

कव्हर दुरुस्त करणार नाही. कापून टाकलं. त्या कापडाच्या पिशव्या होतील, नाहीतर पायपुसणं.

तू विचारलंस, दुसरं माणूस कुठून आणू. सरळ विचारता आलं नाही ना? तू बरणी फोडलीस की भरपाई मीच करते, आजही तेच. मी येतेय. औषधवाल्याला दुकानाची किल्ली देऊन ठेवलीय, मशिन सोबत आणतेय, त्याला मोठी जागा रिकामी कर. संस्थेच्या बाईला सांग, घरात दुसरं मोठं माणूस आहे, एकाहत्तर वर्षांचं, बहिरं, पण डोळे शाबूत. बाई दिवसभर दार वाजवते म्हणतोस. वाजवू दे. मला ऐकूच येत नाही, मी कशाला वैतागेन? ती दाराशी उठली की मी तिचा हात धरून खाली एक चक्कर मारून आणीन. दहा वेळा उठली तर दहा चकरा.

निळीला आण. पण कव्हराशिवाय, काचा खाली, बॅटरी जागेवर, कुलूप नाही. तुझे ते तिन्ही नियम मोडले तर प्रमाणपत्र जाईल, जाऊ दे. चिठ्ठी लावायला कुणी आलं तर आम्ही दोघी आत बसलेल्या असू. दोन म्हाताऱ्या आत बसून बिस्किटं खातायत त्या गाडीला बेवारस म्हणून दाखवा म्हणावं. हॉर्न मी वाजवीन, मला त्याचा त्रास नाही.

ती पिन मी जपून आणतेय. तिची आहे, तिच्या हातात देईन. तू तेव्हा खोलीत थांब. तोंड फिरवायचं नाही.

शनिवारी दुपारी तीनपर्यंत पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, मला घर सापडतं. तोपर्यंत बाईच्या शेजारी बसून राहा. दूध संपलं, औषध संपलं, कुठल्याही ऑफिसातून बोलावणं आलं, तरी उठायचं नाही.

ताई